आमची गच्चीवरची आगगाडी : रूळ कसे टाकले

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष महाशय, सेक्रेटरीसाहेब, कट्ट्यावरचे सर्व स्नेही, भगिनीवर्ग आणि मागे सतरंजीवर बसलेली आमची गँग,

गँग हा शब्द वाईट अर्थाने घेऊ नका. रेल्वेत रुळांची देखभाल करणाऱ्या कामगारांच्या तुकडीला गँगच म्हणतात. गच्चीवरच्या खोलीत गेले सात महिने दर रविवारी सकाळी रूळ टाकणारी ही नऊ मुलं त्याच अर्थाने गँग आहे, आणि मी तिचा मुकादम. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. रुळांशी संबंध म्हणजे प्लॅटफॉर्मवरून वाकून गाडी येते का ते बघण्यापुरता. पण गेल्या वार्षिक सभेत एका सभासदांनी विचारलं, "गच्चीवरच्या खोलीत नेमकं चाललंय काय? आणि लाइटबिल कोण भरतं?" प्रश्न रास्त होता. लाइटबिलाचं उत्तर सोपं आहे : सबमीटर बसवला आहे आणि बिल आम्ही पाच जण मिळून भरतो. पण 'चाललंय काय' याचं उत्तर तिथल्या तिथे देता येईना, म्हणून सेक्रेटरींनी मला आजचा अर्धा तास दिला आहे.

आपल्या ए विंगमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. परमनंट वे इन्स्पेक्टर, म्हणजे रूळ, स्लीपर आणि खडी या खात्यातले. आम्ही सगळे त्यांना पी.डब्ल्यू.आय. साहेबच म्हणायचो. निवृत्तीनंतर त्यांनी मॉडेल रेल्वेचं सामान जमवायला घेतलं. इंजिन एक, डबे चार आणि रुळांचे तुकडे मात्र डझनभर! मला त्या प्रमाणाचं हसू यायचं. ते म्हणायचे, "अहो, इंजिन कोणीही विकत आणतं. रूळ टाकावा लागतो." तो टाकायचा राहून गेला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ते गेले. वर्षश्राद्धानंतर वहिनींनी माळ्यावरचं खोकं खाली काढलं आणि मला बोलावून सांगितलं, "भाऊजी, हे मला विकायचं नाही. काचेच्या कपाटात ठेवून पुसत बसायचंही नाही. कुणीतरी चालवा."

खोक्यात रुळांचे बारा तुकडे, दोन सांधे, ती गाडी आणि एक शाळकरी वही होती. वहीत टेबलाचा नकाशा. एक लंबगोल, त्याला आतून एक लूप लाइन, बस्स. ज्या माणसाची निम्मी नोकरी बोरघाटात, सदतिसाला एक अशा चढावर गेली, त्याने स्वतःसाठी सपाट गोल काढावा याचं आधी नवल वाटलं. पण आठ फूट बाय चार फुटांत घाट बसत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत होतं.

आता दुसरी गोष्ट. आपली इमारत पंचविशीची झाली. रिडेव्हलपमेंटचा विषय अजेंड्यावर येऊन गेला आहे आणि फीजिबिलिटी रिपोर्ट मागवायचं ठरलं आहे. तो विषय मी इथे उकरत नाही, त्याला वेगळी सभा आहे. पण गच्चीवरची खोली आज आहे आणि उद्या नसेल, हे धरूनच आम्ही कामाला लागलो. म्हणून आमच्या कामाला एकच अट घातली : एका दुपारी सगळं उचलून नेता आलं पाहिजे आणि दुसरीकडे मांडल्यावर गाडी तशीच धावली पाहिजे. पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं या अटीतून आलेलं आहे. घरात कायमचं टेबल असणाऱ्याने यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

लवचीक रूळ म्हणजे काय, ते आधी सांगतो. लहान मुलांच्या सेटमध्ये जे रूळ येतात ते ठरलेल्या वळणाचे, एकात एक अडकवायचे तुकडे असतात. लवचीक रुळाचा तुकडा एक यार्ड, म्हणजे ९१४ मिलिमीटर लांबीचा. दोन धातूच्या पट्ट्या आणि खाली प्लॅस्टिकचे स्लीपर. हे स्लीपर एकमेकांना बारीक दांड्यांनी जोडलेले असतात, पण त्या दांड्या मधेमधे तोडून ठेवलेल्या असतात. त्यामुळे तुकडा हातात धरला की वेलीसारखा वाकतो. आमच्याकडचे तुकडे पेको कंपनीचे आहेत. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात समुद्रकाठी बीअर नावाचं गाव आहे, तिथे यांचा कारखाना. (गावाचं नाव ऐकून बी विंगमधल्या काही जणांचे चेहरे उजळलेले मला इथून दिसले.) धातू निकेल-सिल्व्हर, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं.

यात साहेबांची नजर कळते ती रुळाच्या उंचीवरून. हे रूळ कोड १०० आणि कोड ७५ अशा मापांत मिळतात. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. शंभरचा रूळ दणकट, नवशिक्याला सोपा. साहेबांनी घेतला पंचाहत्तरचा. का? वहीच्या मागच्या पानावर गणित आहे. आपली गाडी खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाची. शंभर कोडचा रूळ ८७ ने गुणला तर २२१ मिलिमीटर उंच होतो. एवढा उंच रूळ आपल्या रेल्वेत नाही. पंचाहत्तरचा गुणला तर १६६ होतो. आपल्याकडचा ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटरचा आणि ६० किलोचा १७२ चा. म्हणजे हा बरोबर दोघांच्या मध्ये बसतो. आयुष्यभर ज्या रुळावरून चालले, त्याच्या उंचीचा रूळ त्यांनी निवडला होता. रुंदीचं मात्र त्यांना सोसावं लागलं. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर आहे. ८७ ने गुणलं की १४३५, म्हणजे इंग्लंड-अमेरिकेचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६. चोवीस सेंटिमीटर कमी! वहीत त्यापुढे साहेबांनी फक्त एक उद्गारचिन्ह काढलंय.

टेबल आठ बाय चारच्या एका प्लायवूडमधून निघालं. वॉटरप्रूफ प्लाय, आयएस ७१० चा. आपल्याकडचा पावसाळा बघता साध्या प्लायवर रूळ टाकणं म्हणजे तारण न बघता कर्ज देणं. मिस्त्रीकडून त्याचे चार बाय चारचे दोन भाग करून घेतले आणि खालून पट्ट्यांची चौकट मारली. असा एक भाग उभा केला की लिफ्टमधून जातो. रुंदी चार फूट, म्हणजे १२२० मिलिमीटर. कडेला दोन्हीकडे पन्नास-पन्नास सोडले, कारण रुळावरून घसरलेलं इंजिन जमिनीपर्यंत जाऊ नये. उरलं ११२०, त्याचं निम्मं ५६०. ही आपल्या वळणाची त्रिज्या.

ही त्रिज्या लहान आहे, हे आधी मान्य करायला हवं. ५६० ला ८७ ने गुणलं की जेमतेम ४९ मीटर येतात. आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा तीव्र वळण ठेवत नाहीत. त्या हिशोबाने खरं वळण करायचं तर दोन मीटर त्रिज्या हवी. म्हणजे टेबल चार मीटर रुंद, आणि मग आपला कम्युनिटी हॉलच द्यावा लागेल. तेव्हा लांब डब्यांची गाडी आपल्याकडे नको. साहेबांचे चार डबे आखूड आहेत, ते त्यांनी उगाच घेतलेले नाहीत.

आता मुख्य काम. लवचीक म्हटल्यावर लोकांना वाटतं, हवा तसा वाकवावा आणि खिळे ठोकून मोकळं व्हावं. पण रूळ वाकतो तो तुम्ही हात धरून ठेवता तोपर्यंत. हात सोडला की तो सरळ व्हायला बघतो. मधल्या भागात दोन्हीकडून दाब असतो म्हणून तो गप्प राहतो. टोकाला मात्र त्याला धरणारं कुणी नसतं, त्यामुळे टोकाचे तीन-चार सेंटिमीटर सरळच राहतात. असे दोन तुकडे वळणावर एकमेकांना जोडले की दोन सरळ टोकं भेटतात आणि तिथे कोपरा तयार होतो. डोळ्याला तो जाणवतही नाही. इंजिनाच्या पुढच्या चाकाला मात्र हमखास जाणवतो आणि गाडी दर फेरीला तिथेच घसरते. मग लोक इंजिनाला नावं ठेवतात, तेल घालतात, डबे बदलतात. दोष असतो त्या जोडात.

याला उपाय एकच. वळणावर जोड येणार असेल तर तो आधी सरळ स्थितीत पक्का करायचा आणि मग दोन्ही तुकडे मिळून एकच लांब रूळ समजून वाकवायचा. टेबलावर लोखंडी पट्टीला लावून दोन तुकडे सरळ रेषेत ठेवले, जोडपट्ट्या सरकवल्या आणि डाग दिला. सोल्डरिंग म्हणतात ते. आपल्या आया-आज्या पातेल्याला डाग देऊन आणायच्या, तेच काम. जोडापाशी दोन्हीकडचे दोन-तीन स्लीपर आधी काढून ठेवायचे, कारण वाकवताना रूळ स्लीपरच्या पकडीतून सरकतो आणि डागाचा गोळा त्या पकडीतून जात नाही. मग ते स्लीपर खालून पुन्हा सरकवून बसवायचे. डाग देताना रूळ आधी बारीक पॉलिशपेपरने चकचकीत करावा, दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवावा आणि काम तीन-चार सेकंदांत संपवावं. रेंगाळलात तर प्लॅस्टिक वितळून पकड जाते. आमच्याकडे हे काम सी विंगमधली नववीतली मुलगी करते. तिचा हात स्थिर आहे. माझा नाही, मी कापूस धरतो.

आपल्या टेबलाला योगायोगाने हे फार छान जमलं. ५६० त्रिज्येचं अर्धं वर्तुळ म्हणजे १७६० मिलिमीटर. दोन तुकडे जोडले की १८२८ होतात. म्हणजे एका बाजूचं सगळं वळण एका जोडीत बसतं आणि वर थोडा सरळ भाग उरतो. वळणावर दुसरा जोडच नको.

इथेच मुलांनी मला कोड्यात टाकलं. रूळ वाकवला की आतली पट्टी बाहेरच्या पट्टीपेक्षा पुढे येते. साहजिक आहे, आतली वाट जवळची. अर्ध्या वर्तुळाला ती साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास पुढे आली. पाचवीतल्या एकाने विचारलं, "आजोबा, वळण आणखी छोटं केलं तर ती अजून पुढे येईल ना?" मीही म्हटलं, येईल. त्याने ४५० त्रिज्येचा अर्धा गोल काढून रूळ वाकवला. तितकीच पुढे आली! पुन्हा मोजली, तितकीच. मग कागदावर मांडलं. बाहेरच्या आणि आतल्या वाटेतला फरक त्रिज्येवर अवलंबूनच नाही. तो गेज आणि वळणाचा कोन यांच्यावर ठरतो. अर्ध्या वळणाला पाय गुणिले १६.५, म्हणजे ५२ मिलिमीटर, आणि रुळाची स्वतःची जाडी धरून आणखी दोन-तीन. काटकोनाच्या वळणाला याच्या निम्मं. त्रिज्या दीड फूट असो की बोरघाटातली असो, गेज तोच असेल तर फरक तोच. बी.कॉम. होऊन पन्नास वर्षं झाली, पण ताळेबंद जुळल्यावर जसं वाटायचं तसं त्या सकाळी वाटलं. या पुढे आलेल्या पट्टीला पुढच्या तुकड्यात सामावून घेता येतं किंवा कापता येतं. आम्ही कापली. कापायला सोनाराची करवत वापरतो. बोहरी आळीत मिळते, तिच्याने रूळ चेपत नाही. कापल्यावर कानस मारून धार काढलीच पाहिजे. त्यावरून नख फिरवायचं. नख अडलं तर चाकही अडतं.

वळण सुरू होतं त्या जागेबद्दल एक सांगायचं राहिलं. सरळ रूळ आणि गोल रूळ थेट चिकटवायचे नसतात. गाडी सरळ धावताना एकदम वळणावर आली तर डबा हिसका खातो. खऱ्या रेल्वेतही मध्ये एक भाग असतो, तिथे वळण हळूहळू आवळत जातं. टेबलावर ते साधायला सरळ रेषा गोलापासून दहा-बारा मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आखायची आणि एक लवचीक पट्टी धरून दोन्ही अलगद जोडायच्या. लवचीक रुळाचा खरा फायदा इथे आहे. साच्यातल्या ठरलेल्या तुकड्यांना हे जमत नाही. त्या दहा-बारा मिलिमीटरसाठी आपल्या कडेच्या पन्नासातले तेवढे गेले, पण डबे आता रांगेत वळतात.

सांधे आधी बसवावेत. इथे शब्दाचा घोळ होतो म्हणून सांगतो. सांधा म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते ती जागा, जिच्यावरून 'सांधेवाला' शब्द आला. रुळाला रूळ मिळतो तो नुसता जोड. सांधा लवचीक नसतो. त्यामुळे त्याची जागा पक्की करायची आणि लवचीक रूळ त्याच्यापर्यंत आणायचा. उलट केलं की सगळी ओढाताण सांध्यावर येते.

रुळाखाली तीन मिलिमीटर जाडीचा कॉर्क टाकला, नोटीसबोर्डाला वापरतात तो. त्याने आवाज कमी होतो आणि रुळाला थोडी उंची मिळते. रूळ जागेवर धरायला बारीक खिळे असतात. तो खिळा स्लीपरच्या मधोमध जातो. जोरात ठोकला की स्लीपर मध्ये दबतो, दोन्ही रूळ आत झुकतात आणि गेज कमी होतो. म्हणून खिळ्याचं डोकं आणि स्लीपर यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी जागा ठेवायची. (पोस्टकार्ड म्हणजे काय, हे गँगला वेगळं समजावावं लागलं.)

उन्हाचाही विचार करावा लागतो. गच्चीवरची ती खोली पत्र्याची. पुण्यात जानेवारीत पहाटे दहा अंश आणि एप्रिलच्या दुपारी चाळीस. तीस अंशांच्या फरकाने आपला सहा मीटरचा रूळ जवळजवळ तीन मिलिमीटर वाढतो. त्या वाढीला वाट दिली नाही तर रूळ फुगून बाजूला सरकतो. म्हणून सरळ भागातले जोड डाग देऊन बंद केले नाहीत. तिथे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली. माझी निवृत्तीच्या वेळची दोनशे कार्डं घरात पडून होती, त्यांना शेवटी काम मिळालं. आता जोड सैल म्हटला की वीज नीट जाणार नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःच्या दोन तारा दिल्या. जोडपट्टीच्या भरवशावर वीज पुढे पाठवणं म्हणजे वरच्या मजल्यावाल्याने उरलेलं पाणी खाली सोडण्यासारखं आहे. पहिल्या पावसाळ्यात त्याचा निकाल लागतो.

मुख्य मार्ग पुरा झाला तेव्हा वहिनींना बोलावलं. गाडी बारा फेऱ्या फिरली, कुठे घसरली नाही. मुलं टाळ्या वाजवत होती. वहिनी खुर्चीवर बसून डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चालते छान. पण आवाज येत नाही." आम्हाला आधी कळेना. त्यांचा सगळा संसार रेल्वे क्वार्टरमध्ये, लाइनीच्या कडेला झाला. गाडी गेली की जोडावरून चाकांचा ठेका येतो तो त्या ऐकत होत्या. आमचं वळण डाग दिलेलं, सलग. त्यात ठेका कुठून येणार? हल्ली खरे रूळही वेल्डिंग करून मैलोन्मैल सलग असतात आणि तो ठेका तिथेही गेलाच आहे. पण वहिनींच्या लक्षातले रूळ तेरा मीटरचे. तेराला ८७ ने भागलं की १५ सेंटिमीटर. मग पुढचे दोन रविवार गँगने सरळ भागात दर पंधरा सेंटिमीटरला रुळाच्या माथ्यावर सोनाराच्या करवतीने केसाएवढी खाच घेतली. खोल नाही, नख जेमतेम लागेल इतकी. चाक अडत नाही, पण टक-टक वाजतं. वहिनींना पुन्हा बोलावलं. यावेळी त्या काही बोलल्या नाहीत. गाडी बंद करू दिली नाही, एवढंच सांगतो.

खडीबद्दल थोडं सांगतो, कारण यात आपल्या मातीचा संबंध आहे. मॉडेलसाठी तयार खडी पिशवीत मिळते, किमती फार. मुलांनी पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकच्या कामातून उरलेली क्रशची कच आणली, धुतली, वाळवली, आधी पिठाच्या चाळणीने आणि मग चहाच्या गाळणीने चाळली. दोन्ही चाळण्या नव्या आणल्या होत्या. घरोघरच्या गृहिणींनी चिंता करू नये. पण ही कच आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची. त्या दगडात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. ते उडून इंजिनाच्या मोटारीत गेले की मोटारीतल्या चुंबकाला चिकटतात आणि मोटार खराब होते. म्हणून कच कागदावर पसरून तिच्यावरून जोरदार चुंबक फिरवायचा. आम्ही फिरवला तर चुंबकाला काळी दाढी आली! चार वेळा फिरवल्यावर दाढी यायची थांबली. मग ती खडी स्लीपरच्या मध्ये चमच्याने भरली, ब्रशने सारखी केली आणि फेविकॉलमध्ये तितकंच पाणी व भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडली. तो थेंब नसेल तर पाणी खडीवर गोळा होऊन बसतं, आत झिरपत नाही. सांध्याच्या हलणाऱ्या पात्यांपाशी यातलं काहीही जाऊ द्यायचं नाही. हा गोंद मुद्दाम साधा वापरला. कोमट पाण्याने भिजवला की सुटतो. उद्या टेबल मोडायची वेळ आली तर रूळ अखंड परत काढता येतील. वॉटरप्रूफ गोंद वापरला असता तर रूळ टेबलाबरोबर भंगारात गेला असता.

आता टेबलाचे दोन भाग जिथे मिळतात ती जागा. अटीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची हीच. रूळ या फटीवरून दोनदा जातो, दोन्हीकडे सरळ भागात आणि काटकोनात. तिरका गेला असता तर रुळाची टोकं फटीपाशी जुळवणं अवघड झालं असतं. नकाशा काढतानाच हे साहेबांनी बघून ठेवलेलं दिसतं. टेबल नेताना उघड्या राहिलेल्या रुळाच्या टोकांना धक्का लागतो. नुसत्या प्लॅस्टिकच्या स्लीपरने ती टिकत नाहीत. म्हणून फटीच्या दोन्ही काठांवर, प्रत्येक रुळाच्या बरोबर खाली एकेक पितळी स्क्रू बसवला. त्याचं डोकं रुळाच्या तळाला टेकेल इतकंच वर ठेवलं. एकेका स्क्रूला पाव-पाव फेरा देऊन ही उंची जुळवण्यात एक अख्खा रविवार गेला. मग दोन्ही टेबलं नट-बोल्टने आवळली, रूळ फटीवरून सलग टाकला आणि प्रत्येक स्क्रूला डाग देऊन पक्का केला. सगळ्यात शेवटी फटीच्या रेषेत करवत चालवून रूळ कापला. आधी दोन तुकडे आणून फटीपाशी जुळवत बसायचं नाही. सलग टाकून मग कापायचं, म्हणजे दोन्ही टोकं समोरासमोर येतातच. टेबलं दर वेळी त्याच जागी मिळावीत म्हणून काठांत दोन लाकडी खुंट्या आहेत. एकीकडची खुंटी दुसरीकडच्या भोकात घट्ट जाते.

मागच्या महिन्यात याची चाचणी घेतली. दुपारी चारला बोल्ट सोडले. एकेक टेबल उभं करून लिफ्टने खाली पार्किंगमध्ये आणलं. वॉचमन, मी, दोन कॉलेजची मुलं आणि सूचना देणारे अकरा सभासद. खाली मांडलं, खुंट्या बसवल्या, बोल्ट आवळले, तारा जोडल्या. चार वाजून पन्नास मिनिटांनी गाडी फटीवरून गेली. एका काठाला पाव मिलिमीटरचा फरक राहिला होता, कारण पार्किंगच्या फरशीला पाण्यासाठी उतार आहे. एका पायाखाली पुठ्ठा सरकवल्यावर तोही गेला.

ज्यांना हे प्रकरण मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल त्यांनी कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघावं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. आमची गँग दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा मुलांनी गाड्या बघितल्या. दुसऱ्यांदा त्यांनी फक्त रूळ बघितले, आणि परत येताना बसमध्ये वळणांवर भांडत होती.

अजून लूप लाइन बाकी आहे. बारा तुकड्यांतले सात मुख्य मार्गाला लागले, पाच शिल्लक आहेत. दोन्ही सांधे जागेवर आहेत, त्यांच्यामधला रूळ टाकायचा आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला सुरुवात. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, वयाची अट नाही. जवळचा चष्मा बरोबर आणावा. वर सावली नाही, म्हणून पाण्याची बाटलीही आणावी. फक्त चपला दाराबाहेर काढाव्यात. खडीचा एक कण सांध्यात गेला तरी तो शोधायला सकाळ जाते. हिशोबाची वही खोलीत दाराशी टांगलेली आहे. सभासदांनी केव्हाही तपासावी, व्हाउचरं मागच्या पाकिटात आहेत.